देव पाण्यात, सरकार काठावर

देव पाण्यात घालून बसणे हा आपल्या भाषेतला जुना वाक्प्रचार आहे. घरातला मुलगा मॅट्रिकला बसला किंवा कोर्टातला दावा निकालाला आला, की घरची म्हातारी देव्हाऱ्यातले देव पाण्यात ठेवी आणि मनासारखे झाल्याखेरीज बाहेर काढीत नसे. म्हातारीला ते शोभते. पेपर तपासणे तिच्या हातात नाही आणि निकाल लिहिणेही नाही. हातात होते ते सगळे, पहाटे उठून चहा करून देण्यापासून फीसाठी पाटली मोडण्यापर्यंत, तिने आधीच केलेले असते. मग उरतो तो देव. पण ज्याच्या हातात धरणांचे दरवाजे आहेत, राज्याची तिजोरी आहे, हाताखाली इंजिनिअर, तहसीलदार आणि कारकुनांची फौज आहे, तो माणूस म्हातारीशेजारी पाट मांडून देव पाण्यात घालून बसला, तर त्याला भक्ती म्हणायचे की पळवाट? मी त्याला पळवाट म्हणतो. का म्हणतो, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी हकीगत पाहू. २०१२ साली कर्नाटकात पावसाने ओढ दिली. जगदीश शेट्टर यांचे भाजप सरकार नुकतेच आले होते. मुजराई खात्याच्या अखत्यारीतल्या सुमारे ३४ हजार देवळांत पावसासाठी पूजा करावी, असा हुकूम निघाला. दर देवळामागे ५ हजार रुपये. वाचकांनी गुणाकार करून पाहावा, १७ कोटी होतात. २०१७ साली राज्य काँग्रेसचे होते. त्या वर्षी पाटबंधारे खात्याने कावेरी आणि कृष्णा या दोन्ही नद्यांच्या उगमाशी पर्जन्यासाठी पूजा मांडल्या. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला. ज्या राज्याशी लवादापुढे घागर घागर पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडायचे, त्याच राज्याच्या डोंगरावर जाऊन नारळ फोडायचा! गंमत अशी, की त्याच सरकारने त्याच वर्षी अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा विधिमंडळात मंजूर करून घेतला. पुढे २०१९ साली जनता दल आणि काँग्रेस यांची आघाडी होती. ६ जून रोजी मुजराई देवळांत पर्जन्यजप आणि होम करावेत, त्यासाठी १०,००१ रुपयांपर्यंत खर्च करावा, असे परिपत्रक निघाले. वरचा एक रुपया शकुनाचा असावा.

तीन सरकारे, तीन रंगांची. तेव्हा हा लेख कोण्या एका पक्षाविरुद्ध आहे अशी शंका कोणी घेऊ नये. आणि आपल्यातल्या ज्या मंडळींना कर्नाटक सरकारची खोडी काढली की आपोआप बरे वाटते, त्यांनीही फार खूश होऊ नये. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री दर आषाढी एकादशीला सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतो आणि बळीराजाला सुखी कर, पाऊस पाड, राज्यावरचे संकट टाळ, असे साकडे घालतो. दुसऱ्या दिवशी ते साकडे पहिल्या पानावर छापून येते. नदी एक, संकट एक आणि युक्तीही एकच. सीमाप्रश्न सुटला नसला तरी या बाबतीत दोन्ही राज्यांत पूर्ण एकवाक्यता आहे.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट केलेली बरी. लोकांच्या प्रार्थनेशी माझे भांडण नाही. पाऊस लांबला की आपली गावे धोंडी काढतात, महादेव कोंडतात, बेडकाचे लग्न लावतात. पलीकडच्या कन्नड गल्लीत गुरजी निघते. तिच्यावर दारोदार पाणी ओतले जाते, आणि त्या घोळक्यात पुढे नाचणारी पोरे कोणत्या भाषेच्या शाळेत जातात हे कोणी विचारत नाही. त्याने पाऊस पडतो का? पडत नाही. पण उसनवारीने बी-बियाणे आणून, पेरणी करून, आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याने आपली भीती चारचौघांत बोलून दाखवण्याची ती रीत आहे. तिला हसणारा माणूस शहाणा नसतो, कोरडा असतो. माझे भांडण वेगळ्या जागी आहे. प्रजेची प्रार्थना राजाने उचलली आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारला, की तिचा अर्थ पालटतो. शेतकरी प्रार्थना करतो तेव्हा तो मागणारा असतो. मंत्री प्रार्थना करतो तेव्हा तोही मागणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहतो, आणि देणाऱ्याची खुर्ची रिकामी पडते. काल लोक त्याला विचारत होते, पाणी कुठे आहे? आज तो लोकांच्या खांद्याला खांदा लावून देवाला विचारतो, पाणी कुठे आहे? फाइल एका टेबलावरून उचलून वरच्या टेबलाकडे रवाना झाली. जावक क्रमांक पडला. त्या वरच्या टेबलाकडून उत्तर येण्याची मुदत कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.

२०१९ साल आपल्या भागाने भोगले आहे, म्हणून तेच उदाहरण थोडे उलगडून पाहू. त्या मे महिन्यात चिकोडी, रायबाग, अथणी भागात कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते. कोयनेतून पाणी सोडा, अशी मागणी कर्नाटकाने महाराष्ट्राकडे केली. महाराष्ट्र म्हणाला, बदल्यात तुम्ही आमच्या जत तालुक्याला पाणी द्या. मागणी चुकीची नव्हती आणि उलटमागणीही चुकीची नव्हती. पूर्वीच्या उन्हाळ्यांत असे पाणी सोडलेही गेले होते. दोन मुख्य सचिवांनी, फार तर दोन मुख्यमंत्र्यांनी एका टेबलाशी बसून सोडवण्याचा हा हिशेब होता. कोयनेचे पाणी खाली आणायला मंत्र लागत नाही, सही लागते. ती सही उन्हाळाभर झाली नाही. जूनच्या सहा तारखेला जप मात्र झाला.

पुढे काय झाले? जुलैत त्या सरकारचे आमदार राजीनामे देऊन मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसले. २३ जुलैला सरकार पडले. २६ जुलैला येडियुरप्पांचा शपथविधी झाला, पण मंत्रिमंडळाचा पत्ता नव्हता. जवळजवळ चार आठवडे, २० ऑगस्टपर्यंत, एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार एकटा मुख्यमंत्री पाहत होता. आणि नेमका याच दिवसांत पाऊस आला. असा आला, की कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा साऱ्याच पात्राबाहेर पडल्या. गोकाक पाण्यात, रामदुर्ग पाण्यात, सांगली आणि कोल्हापूर पाण्यात. ब्रह्मनाळची बोट उलटली आणि माणसे डोळ्यांदेखत गेली. शाळाशाळांतून गंजी केंद्रे उघडली. दोन महिन्यांपूर्वी पाऊस माग म्हणणारे सरकार नव्हते आणि पूर आवर म्हणायला नवे मंत्री नव्हते.

आता मी साधा प्रश्न विचारतो. जूनमधल्या जपाचे श्रेय मागायचे असेल, तर ऑगस्टच्या पुराची जबाबदारी कोणी घ्यायची? पाऊस पडला तर पूजा फळली, पडला नाही तर देवाची मर्जी, आणि जास्त पडला तर निसर्गाचा कोप. असा हा व्यवहार आहे. यात नफा नेहमी एकाचा आणि तोटा नेहमी दुसऱ्याचा. पूर ओसरल्यावर अलमट्टी की कोयना, असा दोन राज्यांत वाद रंगला. पण निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत घरे, दुकाने आणि मंगल कार्यालये कोणाच्या परवानगीने उभी राहिली, हा प्रश्न दोन्हीकडे मागेच राहिला. तो विचारला असता तर उत्तरासाठी फार वर पाहावे लागले नसते. नगरपालिकेपर्यंत गेले की पुरे होते.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो, आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, अहो, पूजा केली म्हणून काय बिघडले? सरकारने टँकरही पाठवले आणि पूजाही केली. संकटात माणसाला धीर लागतो. आपला राज्यकर्ता आपल्यासारखाच देवापुढे हात जोडतो, हे पाहून लोकांना आपलेपणा वाटतो. शिवाय दहा हजारांत काय धरण बांधून होणार आहे?

पैशाचा मुद्दा मी सोडून देतो, कारण तो खरोखरच दुय्यम आहे. राज्याच्या अंदाजपत्रकात १७ कोटी ही चिल्लर आहे. पण धीर कशाने येतो, याचा विचार करा. घरात आजारी माणूस आहे, डॉक्टर आला, नाडी पाहिली, आणि पिशवी न उघडता तुमच्याबरोबर देव्हाऱ्यापुढे बसला, तर तुम्हाला धीर येईल की पोटात गोळा येईल? डॉक्टरने औषध लिहावे, पुढे काय होऊ शकते ते खरेखरे सांगावे आणि रात्री पुन्हा येऊन जावे, याला धीर म्हणतात. मग जाताना त्याने देव्हाऱ्याला हात जोडले तर कोणी हरकत घेणार नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आणि टँकर पाठवला म्हणता, तर त्या टँकरचा फोटो पूजेच्या फोटोएवढा का छापून येत नाही? टँकर मोजता येतो. किती खेपा ठरल्या, किती झाल्या, हे गावातले शेंबडे पोरही सांगते. पूजा मोजता येत नाही. राज्यकर्त्याला पूजा आवडते ती त्यामुळेच.

ही गोष्ट आपल्याच देशातली आहे असेही नाही. १८५३ साली ब्रिटनमध्ये कॉलऱ्याची साथ पुन्हा डोके वर काढत होती. एडिंबरोच्या धर्मगुरूंच्या मंडळाने सरकारला लिहिले, की साथ टळावी म्हणून राणीने राष्ट्रीय उपवासाचा दिवस जाहीर करावा. गृहमंत्री होते लॉर्ड पामर्स्टन. त्यांनी जे उत्तर पाठवले त्याचा मथितार्थ असा : ईश्वराने सृष्टीला काही नियम घालून दिले आहेत, घाण साचली की रोग येतो हा त्यांतलाच एक. तेव्हा हिवाळ्याचे महिने हाताशी आहेत तोवर गरिबांच्या वस्त्या स्वच्छ करा. ते केले नाहीत तर हातपाय न हलवणाऱ्या राष्ट्राचे उपास आणि प्रार्थना त्याला वाचवू शकणार नाहीत. कॉलरा पाण्यातून पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. दुर्गंधीतून पसरतो असाच समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले ते पुढच्या वर्षी, १८५४ साली. म्हणजे रोगाचे कारण पामर्स्टनला नीट ठाऊक नव्हते, तरी उपाय बरोबर सुचला. कारण त्याने प्रश्न योग्य टेबलावर ठेवला होता.

पण याच पामर्स्टनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिचा धागा थेट बेळगावपर्यंत येतो. १८५७ साली हिंदुस्थानात उठाव झाला तेव्हा तो पंतप्रधान होता. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला राणीच्या जाहीरनाम्याने देशभर उपवास आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन नावाच्या धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकायला २० हजारांहून अधिक माणसे जमली. जाहीरनाम्यात आमच्या पापांची क्षमा कर, असे शब्द होते, आणि आमच्या शस्त्रांना यश दे, असेही होते. पण कोणती पापे? खालसा केलेली संस्थाने, नाकारलेली दत्तकपत्रे यांचा त्यात उल्लेख नव्हता. आपल्या शेजारच्या नरगुंदचे बाबासाहेब भावे यांना दत्तक घेण्याची परवानगी नाकारली गेली होती. १८५८ साली ते उठले आणि जूनमध्ये त्यांना इथेच, बेळगावात, फाशी देण्यात आली. घाणीच्या बाबतीत झाडू हाती घ्या म्हणणारा माणूस साम्राज्याच्या बाबतीत मात्र उपासावर समाधानी होता. झाडू घेतला असता तर तो स्वतःच्या अंगणात फिरवावा लागला असता. पाप मोघम ठेवले की पापी सापडत नाही. सरकारी प्रार्थनेची ही खुबी तेव्हाही तीच होती.

मग राज्यकर्त्याने संकटात चारचौघांत प्रार्थना करूच नये का? तसे मी म्हणत नाही. कधी ती खरी असते, हे ओळखण्याची एक कसोटी आहे. त्या प्रार्थनेत बोलणारा स्वतःला हिशेबाला उभा करतो का? आणि प्रार्थनेआधी स्वतःच्या हातातले काम त्याने केले आहे का?

अमेरिकेतल्या यादवी युद्धात अब्राहम लिंकन यांनी सिनेटच्या विनंतीवरून ३० एप्रिल १८६३ हा राष्ट्रीय उपवास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. जाहीरनाम्यात शत्रूच्या नाशाची याचना नव्हती. आपले राष्ट्र संपत्तीने माजले, देवाला विसरले, हे युद्ध कदाचित आपल्याच पापाची शिक्षा असेल, असा सूर होता. एवढ्यावर थांबले असते तर तोही मोघमपणाच ठरला असता. पण त्याच्या चार महिने आधी, १ जानेवारीला, बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा लिंकन यांनी काढलेला होता. सही आधी झाली, उपवास नंतर. पुढे ४ मार्च १८६५ च्या भाषणात त्यांनी पापाचे नावही घेतले, गुलामगिरी. दोन्ही बाजू एकाच ग्रंथावर हात ठेवून एकाच देवाला एकमेकांविरुद्ध साकडे घालतात, तेव्हा दोघांच्याही प्रार्थना पुऱ्या होणे शक्य नाही, असे सांगून या पापाचे देणे उत्तर आणि दक्षिण दोघांनाही फेडायचे आहे, असे ते बोलले. युद्ध जिंकत आलेल्या पुढाऱ्याने आपल्याच माणसांना, तुम्हीही देणेकरी आहात, असे सांगणे सोपे नव्हते. दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते दोन प्रार्थनांचे वाक्य अधिकच कळायला हवे.

दुसरे उदाहरण घरचे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. त्याचा अभिमान आपण मराठी आणि कन्नड दोघेही सांगतो. गंगाधरराव देशपांड्यांनी सारी व्यवस्था उभी केली. हजारो माणसे येणार, पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न पडला तेव्हा टिळकवाडीत विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर म्हणून आजही दाखवतात. प्रार्थना करणारी माणसे त्या मंडपात कमी नव्हती, पण पाण्यासाठी त्यांनी पहार हाती घेतली.

गांधीजींच्या प्रार्थनेचीही दोन रूपे आहेत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे मेली. हे अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. सृष्टीच्या घटनांना नीतीचा न्यायाधीश करू नका, ही वाट अविवेकाकडे जाते, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वादात रवींद्रनाथ बरोबर होते. अस्पृश्यता हे पापच, पण ढिगाऱ्याखाली तर दलितही गेले होते. संकटाला देवाचा निरोप ठरवले, की निरोप वाचून दाखवणारा कोणीही उठतो. उद्या दुसरा माणूस दुसऱ्याच कोणाच्या माथी भूकंप मारील.

पण १९४७-४८ च्या दिल्लीतल्या प्रार्थनासभा पाहा. समोर पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले निर्वासित होते. त्या प्रार्थनेत कुराणातले वचनही म्हटले जाई. लोक हरकत घेत, ओरडत. त्या संतप्त माणसांना गांधीजी दररोज संध्याकाळी सांगत, की मुसलमानांची बळकावलेली घरे आणि मशिदी परत करा. ऐकणाऱ्यांना हवे ते एक वाक्यही त्यांत नसे. १३ जानेवारी १९४८ ला त्यांनी उपवास मांडला आणि मुसलमानांच्या सुरक्षिततेची लेखी हमी वेगवेगळ्या गटांच्या नेत्यांनी दिल्यावरच १८ तारखेला सोडला. २० तारखेला प्रार्थनेच्या जागी बाँब फुटला, सभा बंद झाली नाही. ३० तारखेला त्याच प्रार्थनेला जाताना गोळ्या लागल्या. आजच्या सरकारी महापूजेचा धोका नेमका काय असतो? फार तर फुले महाग मिळतात.

आता आपल्या परंपरेकडे या. संतांच्या नावाने सरकारी पूजा खपवली जाते, म्हणून संतांचाच दाखला द्यायला हवा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कोणाला माहीत नाही? दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली. दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार. सरकारी कोठारे त्यांच्या ताब्यात. कथेतले दामाजीपंत परिपत्रक काढून मंगळवेढ्यातल्या देवळांत जप लावीत नाहीत. ते कोठाराचे कुलूप काढतात. शिरच्छेद होईल हे ठाऊक असून काढतात. विठू महाराच्या वेषात देव पैसे भरायला बिदरला जातो तो त्यानंतर. कथा खरी की खोटी हा वाद इतिहासकारांनी घालावा. ती शेकडो वर्षे सांगणाऱ्या लोकांना राज्यकर्त्याकडून काय हवे होते, ते मात्र तीत स्वच्छ दिसते. कुलूप आधी, देव नंतर. आणि बिदर आज कर्नाटकात आहे, मंगळवेढा महाराष्ट्रात. कथा दोघांच्याही सातबाऱ्यावर चढवता येईल.

याच मंगळवेढ्याशी बसवेश्वरांचेही नाव जोडलेले आहे. बिज्जळाच्या राज्यात तिजोरीचा कारभार पाहणारा तो माणूस. त्यांनी शिकवले ते कायक, म्हणजे घामाचे काम, आणि दासोह, म्हणजे त्या कमाईतले समाजाला परत देणे. भक्तीचा एवढा मोठा आचार्य, पण देवळाच्या कळसाकडे बोट दाखवून त्याने कामातून सूट घेतली नाही. तुकोबांनी दुष्काळात घरची माणसे गमावली. पण परंपरा सांगते, की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. अलीकडचे गाडगेबाबा घ्या. गावात गेले की दिवसा झाडू, रात्री कीर्तन. आणि राजर्षी शाहू महाराज? १८९६-९७ च्या दुष्काळात कोल्हापूर संस्थानात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, तगाई वाटली, कामे काढली, आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. अंबाबाईचे दर्शन त्यांनी घेतले असेलच. पण आज शेतकरी त्यांना आठवतो तो धरणासाठी. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राला लाभली ती रोजगार हमी योजनाच. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि देशभरच्या कायद्याला २००५ साली तिचाच नमुना उपयोगी पडला. त्या वर्षी कोणत्या देवळात कोणी अभिषेक केला, हे आज कोणाला आठवते?

संकटकाळातल्या शहाणपणाचे अलीकडचे उदाहरणही वारकऱ्यांचेच आहे. २०२० साली करोनामुळे पायी वारी रद्द झाली, संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी १ जुलैला महापूजा करून साकडे घातले, ते छापूनही आले. पण त्या वर्षीची खरी प्रार्थना लाखो वारकऱ्यांनी घरच्या ओसरीवर बसून केली. पाय ओढ घेत असताना ते उंबऱ्याच्या आत थांबले, शेजाऱ्याला रोग लागू नये म्हणून. तिला खर्चाची मंजुरी लागली नाही आणि कॅमेराही लागला नाही.

तेव्हा वाचकहो, पुढल्या वर्षी किंवा त्याच्या पुढल्या वर्षी पाऊस पुन्हा लांबेल. पुन्हा परिपत्रक निघेल. मंत्र्यांच्या गाड्या उगमाकडे निघतील, सोवळी नेसली जातील. आपण देवळात जाऊ नये असे मी म्हणणार नाही. जाऊ या, हात जोडू या. पण येताना त्या परिपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काही प्रश्न लिहून तहसीलदार कचेरीत आवकला देऊ या, आणि पोच घेऊ या. आमच्या गावच्या तळ्यातला गाळ शेवटचा कधी काढला? २०१९ च्या पुरात पडलेल्या घरांपैकी कितींचा परिहार पूर्ण मिळाला, आणि राहिलेल्यांची यादी कुठे लावली आहे? पूररेषेच्या आत त्यानंतर किती नव्या बांधकामांना परवानगी दिली? उन्हाळ्यात कोयनेतून पाणी कोणत्या तारखेला, किती आणि कोणत्या बदल्यात यायचे, याचा दोन राज्यांत कायमचा लेखी करार आहे का? नसेल तर का नाही?

हे प्रश्न मराठीत लिहावेत आणि कन्नडमध्येही लिहावेत. आपल्या घरांत दोन्ही भाषा वाचणारी मुले आहेत, त्यांच्याकडूनच लिहून घ्यावेत. शेजारच्या कन्नड घराचीही खाली सही घ्यावी, कारण कृष्णा आटते तेव्हा ती दोघांच्याही बांधावर आटते. या प्रश्नांची उत्तरे सरकारने जाहीर फलकावर लावली, की मग मंत्र्यांनी खुशाल पूजेला बसावे. संकल्प सोडायला पळीभर पाणी लागते. तेवढे आम्ही घरून नेऊन देऊ.